फुलावर उशिरा येणारी कोथिंबीर, पालकाचा केवडा आणि डीएनए मार्कर

दिंडोरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या दिंडोरी परिसरातील काही शेतकऱ्यांचा गट कोथिंबीर, मेथी आणि पालक आलटूनपालटून घेतो आणि माल संध्याकाळच्या लिलावाला पंचवटीतील बाजार समितीत नेतो. ऊन तापू लागले की आमची कोथिंबीर जुडी बांधण्याजोगी होण्याआधीच दांडा टाकते, वरची पाने बारीक आणि चिरलेली येतात आणि मग शेकड्याला मिळणाऱ्या भावात बियाण्याचा खर्चही निघत नाही. अलीकडे बियाणे विकणाऱ्यांच्या तोंडी "डीएनए मार्करने निवडलेले वाण" असे शब्द वारंवार येत आहेत. हे बियाणे महाग आहे, म्हणून घेण्याआधी विषय समजून घ्यावा असे गटाने ठरवले आहे.

मार्कर म्हणजे नेमके काय, हे जीएम, म्हणजे बाहेरून जनुक घालून बदललेले, बियाणे आहे का, उन्हाळ्यात टिकणाऱ्या कोथिंबिरीसाठी त्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि शेतकऱ्यांच्या गटाला या कामात स्वतः काही करता येते का, हे आमचे प्रश्न आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

बीजविद्या

दिंडोरीकर, मी भाजीपाल्याच्या पैदाशीत काम केलेले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. मार्करच्या साहाय्याने केलेली निवड म्हणजे जीएम नव्हे. संकर नेहमीसारखाच, एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर टाकून होतो, आणि बाहेरचे कोणतेही जनुक त्यात घातले जात नाही. पुढच्या पिढीतील कोणते रोप ठेवायचे आणि कोणते उपटायचे, एवढाच निर्णय डीएनए तपासून घेतला जातो. म्हणूनच जीएम पिकांना लागणारी मंजुरी अशा वाणांना लागत नाही.

आता मार्करविषयी. एकाच पिकाच्या दोन झाडांच्या डीएनएत असंख्य ठिकाणी लहान लहान फरक असतात. कुठे एखादे अक्षर बदललेले असते, तर कुठे दोन-तीन अक्षरांचा तुकडा एका झाडात आठ वेळा आणि दुसऱ्यात बारा वेळा आलेला असतो. यातील बहुतेक फरकांचा पानावर, चवीवर किंवा रोगावर काहीही परिणाम होत नाही. परंतु असा एखादा फरक गुणसूत्रावर आपल्याला हव्या असलेल्या जनुकाच्या अगदी शेजारी असला, तर आईबापांकडून संततीत जाताना तो आणि ते जनुक बहुधा एकत्रच जातात. मग जनुक स्वतः माहीत नसले तरी शेजारच्या फरकावरून ते आले की नाही हे सांगता येते. त्या फरकालाच मार्कर म्हणतात.

"बहुधा" हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते आणि तिथे मार्कर व जनुक यांची फारकत होऊ शकते. ते एकमेकांपासून ५ सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरील अंतर मोजण्याचे एकक) अंतरावर असतील, तर एका पिढीत साधारण १०० पैकी ५ वेळा मार्कर चुकीचे सांगतो. जनुकाच्या दोन्ही बाजूंना असे ५ सेंटीमॉर्गनवरचे दोन मार्कर वापरले, तर दोन्ही एकाच वेळी फसण्याची शक्यता ४०० मध्ये एकावर येते. त्यामुळे बियाणे विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न असा, की तुमचा मार्कर कोणत्या गुणाचा आहे, तो जनुकापासून किती दूर आहे आणि एकाच बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा.

या तंत्राचा एक महत्त्वाचा टप्पा पालेभाजीतच गाठला गेला, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. १९९१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील रिचर्ड मिशेलमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसमधील केवडा या बुरशीजन्य रोगाच्या प्रतिकाराचे मार्कर शोधण्यासाठी एक सोपी युक्ती मांडली. एका संकराच्या संततीतील रोगाला तोंड देणाऱ्या झाडांचा डीएनए त्यांनी एकत्र केला आणि रोगाला बळी पडणाऱ्यांचा वेगळा एकत्र केला. दोन्ही मिश्रणांत बाकी सगळे सरमिसळ होऊन सारखेच दिसते, फरक उरतो तो फक्त प्रतिकाराच्या जनुकाच्या आसपासच्या भागात. प्रत्येक झाड वेगळे न तपासता दोन नमुन्यांच्या तुलनेतून जनुकाचा पत्ता लागतो. त्यानंतर भातापासून भुईमुगापर्यंत कितीतरी पिकांत ही पद्धत वापरली गेली.

मखमलाबाद

ताई, माहिती उत्तम आहे, परंतु एक शंका आहे. कोथिंबीर फुलावर लवकर आली की उशिरा, हे तर बांधावर उभे राहून डोळ्यांनी दिसते. आमच्या वडिलांच्या वेळी गावठी धण्याचे बी घरीच धरत असत आणि त्या कोथिंबिरीचा वास आजच्या मालाला नाही. जे डोळ्यांना दिसते त्यासाठी प्रयोगशाळेचा खर्च कशाला करायचा?

बीजविद्या

काका, तुमची शंका अगदी योग्य आहे आणि पैदासकारानेही ती प्रत्येक वेळी स्वतःला विचारावी अशी आहे. जो गुण स्वस्तात, वेळेवर आणि खात्रीने डोळ्यांना दिसतो त्यासाठी मार्कर लागत नाही. मार्करचे खरे काम जिथे डोळा कमी पडतो तिथे आहे.

एक उदाहरण पालकाचे घेऊ. विलायती पालकावर येणाऱ्या केवड्याच्या बुरशीचे नवे नवे प्रकार निघत राहतात आणि त्यांना क्रमांक देण्यासाठी आंतरराष्ट्रीय गटच काम करतो. एका प्रतिकारक जनुकाचे वाण आले की काही वर्षांत त्याला दाद न देणारा बुरशीचा नवा प्रकार येतो. म्हणून एकाच वाणात दोन किंवा तीन प्रतिकारक जनुके एकत्र बसवण्याचा प्रयत्न होतो. आता अडचण पाहा. एक जनुक असलेले झाडही निरोगी दिसते आणि दोन असलेलेही तितकेच निरोगी दिसते. शेतात कितीही बारकाईने पाहिले तरी त्यांत फरक करता येणार नाही. तिथे मार्करशिवाय काम पुढे सरकत नाही.

दुसरे उदाहरण अप्रभावी जनुकाचे आहे. असा गुण दोन्ही प्रती सारख्या असल्याशिवाय दिसतच नाही. संकराच्या दुसऱ्या पिढीत तो चारांपैकी एका झाडात येतो, म्हणजे निदान एक तरी झाड मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११ रोपे पुरतात. परंतु असे तीन गुण एकाच झाडात हवे असतील तर प्रमाण ६४ मध्ये एक होते आणि त्याच खात्रीसाठी १९१ रोपे लागतात. ती सगळी मोठी करून, रोग लावून, फुलेपर्यंत सांभाळायची की दोन पानांवर असताना तपासून नको असलेली काढून टाकायची, हा जमिनीचा, पाण्याचा आणि मजुरीचा हिशेब आहे.

आपल्या भागातल्या लोकांना जवळचे वाटेल असे उदाहरण बाजरीचे आहे. बाजरीवरच्या केवड्याला आपल्याकडे गोसावी म्हणतात. 'एचएचबी ६७' या लवकर येणाऱ्या संकरित वाणात त्याचा प्रतिकार इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने आणि हिसारच्या कृषी विद्यापीठाने मार्करच्या मदतीने बसवला आणि सुधारित वाण २००५ मध्ये प्रसारित झाले. भारतात मार्करच्या निवडीतून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेल्या अगदी पहिल्या वाणांपैकी ते एक आहे.

सिन्नरची लेक

मी डीएनए तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ताईंनी पालकाचे उदाहरण दिले, त्यात एक गोष्ट जोडणे आवश्यक वाटते, कारण या एका गोष्टीवरून पैसे वाया जाऊ शकतात.

आपण नाशिकच्या बाजारात जो पालक विकतो तो बहुतांशी देशी पालक आहे. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती', 'पुसा हरित' हे सर्व वाण बीटाच्या प्रजातीतले आहेत. परदेशी संशोधनात ज्याला स्पिनॅच म्हणतात ती वेगळ्या वंशातील वनस्पती आहे. तिच्यात गुणसूत्रांच्या ६ जोड्या असतात, देशी पालकात मूळच्या ९ असतात. विलायती पालकात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, नर झाडे लवकर दांडा टाकतात आणि त्यांना पानेही कमी येतात, त्यामुळे रोपावस्थेत नर ओळखणारा मार्कर तिथे फार उपयोगी पडतो. देशी पालकाच्या फुलात दोन्ही भाग एकत्र असल्याने त्या मार्करला इथे अर्थच उरत नाही. केवड्याच्या प्रतिकाराचे जे मार्कर विलायती पालकासाठी तयार झाले आहेत, तेही देशी पालकावर चालणार नाहीत.

याउलट देशी पालकासाठी साखर बीटाकडे पाहायला हवे. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१२ मध्ये बीट पहिल्याच वर्षी फुलावर येईल की थंडी लागल्यावर दुसऱ्या वर्षी, हे ठरवणारे बीटीसी-१ नावाचे जनुक सापडले होते. दिवसाच्या लांबीला झाडाने द्यायचा प्रतिसाद त्यातून ठरतो. देशी पालकाच्या उशिरा दांडा टाकणाऱ्या वाणावर काम करायचे असेल तर शोध तिथून सुरू करणे शहाणपणाचे ठरेल.

दिंडोरीकर

ताई, हे आमच्यासाठी पूर्णपणे नवीन आहे. मागच्या हंगामात पालकाच्या एका पाकिटावर केवडा-प्रतिकारक असे लिहिलेले पाहून आम्ही ते जास्त दराने घेतले होते, परंतु पाकिटातला पालक कोणता हे विचारण्याचे कुणालाच सुचले नव्हते. कोथिंबिरीविषयी मात्र अजून उत्तर बाकी आहे.

पेठरोड

मी पालेभाज्यांच्या व्यापारात आहे आणि येथून मुंबईला माल पाठवतो. चर्चा उशिरा फुलणाऱ्या कोथिंबिरीची चालली आहे म्हणून खरेदीदाराची बाजू मांडतो. मुंबईच्या गिऱ्हाइकाला पान रुंद, गडद हिरवे आणि देठ कोवळा लागतो, परंतु जुडी हातात घेतल्यावर वास आला नाही तर तो ती परत ठेवतो. उशिरा फुलणारी म्हणून आलेली काही कोथिंबीर दिसायला देखणी होती, वासाला मात्र अगदीच फिकी. मार्करने एक गुण निवडताना दुसरा हातचा जात असेल, तर तो तोटा शेवटी शेतकऱ्याच्याच पदरी पडतो.

बीजविद्या

पेठरोड, आपण मांडलेला मुद्दा पैदाशीच्या दृष्टीने या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. त्याचे उत्तर आणि कोथिंबिरीचे उत्तर एकत्रच देते.

एखाद्या परक्या वाणातून आपण एक जनुक आणतो तेव्हा त्याच्या आजूबाजूचा गुणसूत्राचा लांब तुकडाही सोबत येतो आणि त्यात नको असलेले गुण दडलेले असू शकतात. यावर उपाय म्हणजे संततीचा मूळ स्थानिक वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करणे. अशा पहिल्या संकरानंतर सरासरी ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५ टक्के आणि तिसऱ्यानंतर ९३.७५ टक्के भाग मूळ वाणाचा परत मिळतो. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात त्याच पिढीतील काही रोपे सरासरीच्या बरीच पुढे असतात आणि सर्व गुणसूत्रांवर पसरलेल्या मार्करांनी ती हुडकून काढता येतात. हव्या त्या जनुकासाठी एक मार्कर, त्याच्या दोन्ही बाजूंचा तुकडा छोटा करण्यासाठी शेजारचे मार्कर, आणि उरलेला भाग स्थानिक वाणाचाच यावा म्हणून बाकीचे, असे तीन पातळ्यांवर काम चालते. केवळ पहिली पातळी करून बाजारात आणलेल्या वाणात वास हरवला तर त्यात नवल नाही.

शिवाय कोथिंबिरीच्या पानाचा वास आणि धण्याचा वास यांची रसायने वेगळी आहेत. पानात प्रामुख्याने अल्डिहाइड गटातील संयुगे असतात, तर पिकलेल्या धण्यात लिनालूल. धण्याच्या उत्पादनासाठी निवडलेला वाण पानाच्या वासालाही चांगला असेलच असे समजू नये.

आता फुलण्याविषयी. दिवस मोठा होणे आणि तापमान वाढणे या दोन्हींमुळे कोथिंबीर दांड्यावर येते आणि हा गुण एका जनुकावर अवलंबून नसतो. कोथिंबिरीचा जनुकसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला असून तो सुमारे २१० कोटी अक्षरांचा, म्हणजे भाताच्या पाचपटीहून मोठा आहे. त्यामुळे मार्कर तयार करणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. परंतु अनेक जनुकांवर चालणाऱ्या गुणासाठी एका मार्करवर भरवसा ठेवता येत नाही. तिथे शेकडो झाडांची शेतातील मोजमापे आणि त्यांचे हजारो मार्कर एकत्र ठेवून कोणत्या झाडाची संतती चांगली निघेल याचा अंदाज बांधतात. जनावरांच्या पैदाशीसाठी २००१ मध्ये मांडली गेलेली ही पद्धत आज पिकांतही वापरली जाते. तिचा सगळा डोलारा शेतातील नोंदींवर उभा असतो. नोंदी ढिल्या असतील तर मार्कर कितीही अचूक असला तरी निष्कर्ष चुकतो. माझ्या अनुभवात अशा कामांत मोडते ते बहुधा याच ठिकाणी, आणि प्रयोगशाळेवर होणारा खर्च पाहून नोंदींवर काटकसर करणाऱ्यांना मी हे नेहमी सांगत आले आहे.

आणखी एक अडचण कोथिंबिरीच्या स्वभावातच आहे. तिच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर, आणि मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे शेजारची दोन झाडेही जनुकीयदृष्ट्या एकसारखी नसतात. एका देखण्या झाडाचे बी धरले की वाण झाले, असे तिच्याबाबतीत होत नाही. मेथी स्वपरागित असल्याने तिचे काम त्या मानाने सोपे आहे.

मखमलाबाद

आता लक्षात येते, की घरी बी धरताना आम्ही काय करत होतो. विक्रीची चांगली, पानाळ झाडे कापून बाजारात जात आणि जी आधीच दांड्यावर गेली ती कापण्याच्या लायकीची नसल्याने बियाण्यासाठी राहत. म्हणजे लवकर फुलणारीच झाडे पिढ्यानपिढ्या पुढे जात राहिली असावीत.

बीजविद्या

काका, अगदी तसेच होते आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावठी धण्यांची हीच कथा असावी. तरीही त्या धण्यांत वासाचे आणि पानाचे जे वैविध्य टिकून आहे ते फार मौल्यवान आहे, त्यामुळे असे बी कुणाच्या घरी असेल तर ते कृपया टाकून देऊ नये.

दिंडोरीकर

मग आमच्या गटाने प्रत्यक्षात कुठून सुरुवात करावी? प्रयोगशाळेकडे लगेच जावे का?

सिन्नरची लेक

प्रयोगशाळेचे काम सर्वांत शेवटी येते. आधी एका वाफ्यावर आपल्याकडची चार-पाच प्रकारची धण्याची बियाणी, म्हणजे गावठी, जळगाव धना, वाई धना आणि बाजारातील एखादे वाण, एकाच दिवशी शेजारी शेजारी पेरावीत. पेरणी उन्हाळ्यातच करावी, कारण थंडीत सगळीच उशिरा फुलतात आणि फरक दिसत नाही.

एक बारीकशी बाब सांगते. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात आणि त्या दोन वेगळ्या रोपांना जन्म देतात. आपण पेरणीपूर्वी धणे रगडून फोडतोच, इथे मात्र प्रत्येक फोड वेगळी आणि अंतरावर टोकावी, नाहीतर एक समजून दोन झाडांची पाने एका पाकिटात येतात आणि तपासणीचा निकाल गोंधळाचा लागतो. प्रत्येक झाडाला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, दांडा दिसला ती तारीख आणि पहिले फूल उमलले ती तारीख वेगवेगळी लिहावी. सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा फुलणाऱ्या झाडांची दोन-तीन कोवळी पाने कागदी पाकिटात घालून, ते पाकीट सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात ठेवावे. पान लवकर कोरडे झाले तर डीएनए चांगला राहतो आणि असे नमुने टपालानेही पाठवता येतात. ओले पान प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पाठवू नये, ते वाटेतच सडते.

लवकर आणि उशिरा फुलणाऱ्या झाडांचे असे दोन ढीग हाताशी आले, की ताईंनी वर सांगितलेली लेट्यूसची युक्ती वापरता येते. मात्र ते दोन्ही ढीग एकाच संकराच्या संततीतून आलेले असावेत. वेगवेगळ्या वाणांची झाडे एकत्र केली तर दिसणारा फरक फुलण्याचा आहे की केवळ वाणांचा, हे कळणार नाही. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात वाणांची पारख, त्यानंतर निवडलेल्या दोन वाणांचा संकर आणि मग संततीच्या नोंदी, हा क्रम सोडू नये.

पेठरोड

गटाने वाणांप्रमाणे जुड्या वेगळ्या बांधून आणल्या, तर वास, पान आणि टिकाऊपणा यांवर खरेदीदारांचे मत घेऊन ते लिहून देण्याची व्यवस्था मी करीन. दुसऱ्या दिवशी मुंबईत माल कसा उतरला याचीही नोंद देईन.

दिंडोरीकर

पेठरोड, मनापासून आभार. कायद्याविषयी एक शंका आहे. असे तयार झालेले बी गटाला आपसात वाटता येईल का?

बीजविद्या

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी साठवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून, पाकीटबंद करून विकता येत नाही, एवढे बंधन आहे. शेतकऱ्यांनी जोपासलेला वाण त्यांच्या नावे नोंदवण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. त्यासाठी तो वाण इतरांपासून वेगळा, झाडाझाडांत एकसारखा आणि पिढ्यांमध्ये स्थिर आहे हे शेतातील लक्षणांवरून दाखवावे लागते, त्यामुळे आजपासूनच्या नोंदी तिथेही कामी येतील.

मखमलाबाद

माझ्याकडे विहिरीलगत थोडी जागा मोकळी आहे, तिथे वाफे करता येतील. शेजारच्या शेतात मात्र कोथिंबीर असते आणि ती फुलावर गेली तर मधमाश्या पराग इकडे आणतील. त्यावर काय करावे?

बीजविद्या

काका, वाणांची पारख करण्याच्या पहिल्या उन्हाळ्यात त्याची चिंता नाही, कारण त्या झाडांचे बी आपल्याला धरायचेच नाही. संकराच्या वेळी मात्र निवडलेली झाडे बारीक जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात ठेवावी लागतील. आतल्या फुलांवर माशी पोहोचणार नाही, म्हणून मऊ कुंचल्याने सकाळी एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलांवर फिरवावा आणि तेच काम फुलोरा संपेपर्यंत दररोज करावे. कोथिंबिरीची फुले एकाच वेळी उमलत नसल्याने एका दिवसात हे काम आटोपत नाही. दोन वाणांच्या फुलण्याच्या तारखांत अंतर असणारच, तेव्हा उशिरा फुलणाऱ्याची पेरणी आधी करावी. किती दिवस आधी, हे पहिल्या उन्हाळ्याच्या नोंदींवरून ठरवता येईल. त्या नोंदी इथेच टाकल्यात तर पेरणीच्या तारखा आपण मिळून काढू.